‘मूलभूत सेटिंग’ म्हणजे नेमकी कुठली?

शिरोली एमआयडीसीतल्या एका कारखान्यात नेटवर्क सांभाळणाऱ्या मित्राने विचारलंय: ‘कन्सोल सर्व्हरच्या (राउटर-स्विचपर्यंत दुरून पोचायचं यंत्र) मराठी सूचनापत्रकात मी “मूलभूत सेटिंग करा” असं लिहिलं. रात्रपाळीच्या पोराने थेट फॅक्टरी रीसेट मारला. चूक शब्दाची की पोराची?’

शब्दाची. पोराला काही बोलू नका.

‘बेसिक’ला आपण मूलभूत म्हणतोच. पण मराठीत आणलेल्या कित्येक सॉफ्टवेअरांनी ‘डीफॉल्ट’लाही हाच शब्द चिकटवला, तोही बऱ्याचदा ‘मुलभूत’ असा, मु ऱ्हस्व काढून. (मूल आणि भूत दोन्ही तत्सम, म्हणून मू आणि भू दोन्ही दीर्घ. हे भूत पिंपळावरचं नव्हे, ‘झालेलं’ या अर्थाचं.) मोबाइलवर ‘मुलभूत ब्राउझर’ वाचलेल्या पोराने मूलभूत सेटिंग म्हणजे डब्यातून आली तशी सेटिंग असा अर्थ लावला, तर नवल काय?

तुम्हाला हवं होतं ते नेमकं उलटं, म्हणजे माणसाने बसून भरायचं: ॲडमिनचा नवा पासवर्ड, यंत्राचं नाव, आयपी ॲड्रेस, सबनेट मास्क, गेटवे, घड्याळ आणि प्रत्येक पोर्टचा बॉड रेट, म्हणजे डेटा पाठवायचा वेग. हा शेवटचा पलीकडच्या राउटर-स्विचशी जुळला नाही तर पडद्यावर नुसता अक्षरांचा चिवडा. सिस्कोचा राउटर सहसा ९६०० घेऊन येतो. ‘बॉड’ हे एमिल बोदो या फ्रेंच तारयंत्र अभियंत्याचं नाव, जाता जाता सांगतो.

डीफॉल्ट म्हणजे कुणी काहीच सांगितलं नाही तर जे लागू होतं ते. टपरीवर चहा सांगितला की साखरेचा येतो. बिनसाखरेचा हवा तर तोंड उघडावं लागतं. साखर डीफॉल्ट, पाणी आणि पत्ती मूलभूत. तुमच्या पोराने सगळा चहाच ओतून टाकला. मुख्य नेटवर्क पडलं तरी राउटरपर्यंत पोचता यावं म्हणून कन्सोल सर्व्हर ठेवायचा, आणि त्याचाच आयपी पुसला गेला की केबल घेऊन रॅकपाशी जाणं आलं.

मग डीफॉल्टला म्हणायचं काय? ‘पूर्वनिर्धारित’ अर्थाने चोख आहे, पण रात्री दोन वाजता तो कोण वाचणार? नुसतं ‘डिफॉल्ट’ म्हटलं तर आपल्याकडे आधी पतसंस्थेचा थकबाकीदार आठवतो. गंमत म्हणजे इंग्रजीतही तो अर्थ जुना: करायचं ते न करणं. हप्ता न भरणं काय, सेटिंग न भरणं काय, सख्खे भाऊच.

माझं मत उद्यमनगरातल्या मेस्त्रींच्या बोलीला. ‘कंपनी फिटिंग’ असतं तशी ‘कंपनी सेटिंग’. ऐकल्याबरोबर कळतं. फक्त ‘डीफॉल्ट गेटवे’ला हा शब्द लावू नका. तो कंपनीने दिलेला नसतो, तुम्हीच भरता. दुसरी वाट सांगितलेली नसेल तेव्हा डेटा ज्या वेशीतून गावाबाहेर पडतो, ती वेस. पडद्यावर इंग्रजीत तेच नाव दिसणार, तर तसंच राहू दे.

राहिलं ‘बेसिक’. ‘सुरुवातीची सेटिंग’ही नको, पुन्हा तोच घोळ, सुरुवातीची म्हणजे कंपनीची, असं वाचता येतं. ‘सेटिंग लावा’ तर मुळीच नको, कोल्हापुरात त्याचा अर्थ मी सांगायला नको. विशेषणच काढून टाका आणि लिहा: ‘खालच्या सात गोष्टी भरा. कंपनी सेटिंगवर नेऊ नका.’