ज्याचे व्यसन सुटलेले नाही, तो इतरांना काय सांगणार?

इंजेक्शनद्वारे अमली पदार्थ घेणाऱ्या एका तरुणाची मोठी बहीण माझ्याकडे आली, ती रागातच. आमच्या कार्यक्रमात तिच्या भावाची पीअर एज्युकेटर म्हणून, म्हणजे आपल्यासारख्याच नशा करणाऱ्यांना संसर्ग कसा टाळायचा ते सांगणारा साथी म्हणून, निवड झाली होती. “ज्याचे स्वतःचे व्यसन सुटलेले नाही, त्यालाच तुम्ही पुन्हा त्या मित्रांत पाठवता?” असे तिने विचारले. बहुतेक कुटुंबे हे विचारतात, आणि त्यांची भीती निराधार नसते.

त्या मित्रांत तो रोजच जातो, हे मी तिला आधी सांगितले. सुई प्रत्येकाची वेगळी असली, तरी अमली पदार्थ विरघळवण्याचा चमचा, गाळण्याचा कापूस आणि पाणी सामाईक असेल तर हिपॅटायटिस सी हा यकृताचा विषाणूजन्य आजार पसरू शकतो. पण इंजेक्शन भरले जाते त्या क्षणी तेथे आरोग्यसेवक नसतो, मित्र असतो. पत्रक वाचून न बदलणारा माणूस, ज्याच्याशी त्याची रोजची उसनवारी चालते त्याने हटकले, तर निदान थांबून ऐकतो.

अमेरिकेतील कनेटिकट राज्यात 1990 च्या दशकात रॉबर्ट ब्रॉडहेड आणि डग्लस हेकाथॉर्न यांनी हीच वाट वापरली. नशा करणाऱ्यांनीच ओळखीच्यांना माहिती द्यायची आणि केंद्रात आणायचे. मोबदला केवळ आणण्याचा नव्हे, तर आलेल्याला ती माहिती किती समजली यावरही ठरे, आणि आलेला पुढे आपल्या ओळखीच्यांना आणी. बाल्टिमोरमध्ये कार्ल लॅटकिन यांच्या अभ्यासात तर प्रशिक्षण घेतलेल्यांचे स्वतःचेच एकमेकांच्या सुया वापरणे कमी झाल्याचे दिसले. मला त्याचे नवल वाटत नाही, कारण चारचौघांना नवी सुई वापरा म्हणणाऱ्याला दुसऱ्याची सुई उचलणे जड जाते.

मात्र भाऊ नुकताच उपचार घेऊन नशामुक्त झाला असता, तर मी बहिणीचेच ऐकले असते. खंड पडल्यावर शरीराची सहनशक्ती उतरते आणि जुनी मात्राही जीवघेणी ठरू शकते. अशा व्यक्तीला त्या घोळक्यात पाठवणे मला मान्य नाही.

भावाची नशा अजून सुटलेली नाही. त्याने दोन मित्रांना तपासणीसाठी आणले, तिसऱ्याने साफ नकार दिला. बहिणीने पुढच्या भेटीत नॅलॉक्सोन, म्हणजे हेरॉइनसारख्या ओपिऑइड पदार्थांच्या अतिमात्रेवरचे उताऱ्याचे औषध, कसे द्यायचे ते विचारले, तेव्हा मी तिला तोंडाने श्वास देणेही शिकवले, आणि औषधाचा परिणाम ओपिऑइडच्या आधी ओसरू शकतो म्हणून रुग्णवाहिका बोलावून ती येईपर्यंत जवळच थांबायचे, हे बजावले.