जावा वेब अ‍ॅपमध्ये लिस्टमधला प्रत्येक आयटम वेगळा कसा तपासायचा? @व्हॅलिड ही तपासणीची खूण लावूनही रिकामे आयटम आत येतात.

तुमच्या प्रश्नात कोड नाही, म्हणून अंदाजाने सांगतो. कंट्रोलरमध्ये, म्हणजे रिक्वेस्ट घेणाऱ्या क्लासमध्ये, रिक्वेस्ट बॉडी म्हणून थेट लिस्ट घेत असाल आणि स्प्रिंग हे जावाचं वेब फ्रेमवर्क ६.१ च्या आधीचं असेल, तर त्याला लिस्ट ही नुसती लिस्ट दिसते, आतल्या आयटमपर्यंत ते जातच नाही. लिस्ट एखाद्या क्लासचं फील्ड करा आणि कोनी कंसात लिहा: लिस्ट<@नॉटनल @व्हॅलिड पाहुणा> (पाहुणा म्हणजे इथे आयटमचा क्लास). ही सोय २०१७ च्या बीन व्हॅलिडेशन २.० पासून आहे; बीन व्हॅलिडेशन म्हणजे अशा खुणांनी डेटा तपासायचं जावाचं मानक. त्यातलं @नॉटनल गाळू नका, कारण नल, म्हणजे मुळात नसलेला, आयटम @व्हॅलिड मुकाट सोडून देतं.

पण खरा प्रश्न त्यापुढे आहे: एक आयटम चुकला तर समोरच्याला काय सांगायचं? यावरून मी पणजीत एका सीनियरशी भांडलो आहे आणि माझं मत आजही तेच आहे.

आम्ही कांदोळी-कळंगुट पट्ट्यातल्या हॉटेलांसाठी चेक-इनचं अ‍ॅप करत होतो. डिसेंबरात दाबोळी विमानतळावर पर्यटकांचं चार्टर विमान उतरलं की पाहुण्यांची बसच दारात येते. एजंटाने एक्सेलमध्ये पाठवलेली यादी रिसेप्शनवरची मुलगी अ‍ॅपमध्ये चिकटवायची. तेव्हा परदेशी पाहुण्याचा फॉर्म सी, म्हणजे हॉटेलने सरकारला द्यायची त्याची माहिती, २४ तासांत भरावा लागे, त्यामुळे पासपोर्ट आणि व्हिसाचा क्रमांक नसेल तर नोंद होऊच द्यायची नाही, हे ठरलेलं. सीनियरने त्यासाठी फॉर लूप लिहिला होता. पहिला चुकीचा पाहुणा दिसला की एक्सेप्शन, आणि स्क्रीनवर ‘माहिती अवैध आहे’. कुठल्या ओळीत, ते नाही.

मध्यरात्रीनंतर पेडण्याच्या त्या मुलीचा मला फोन. बस खाली झालेली, लॉबीत मुलं बॅगांवर झोपलेली, आणि ती प्रत्येक पासपोर्ट उघडून यादीशी ताडून बघत होती. “सर, कुठली ओळ ते तरी सांगा,” म्हणाली. एक ओळ सुधारली की तोच संदेश पुन्हा, कारण चूक एका ठिकाणी नव्हती. मी लॉग बघून एकेक नाव फोनवर सांगत बसलो.

दुसऱ्या दिवशी सीनियर म्हणाले, “डेटा चुकीचा होता, सिस्टमने अडवला. काम झालं ना?” नाही झालं. अडवणं हे अर्धं काम. यादीतल्या सगळ्या चुका एकदम आणि ओळीसकट सांगितल्या नाहीत, तर तपासणीचा त्रास तेवढा काउंटरवरच्या माणसाच्या गळ्यात पडतो. ‘ब्राउझरमध्ये जावास्क्रिप्ट तपासतंच की’ हा त्यांचा दुसरा मुद्दा. सर्व्हरला रिक्वेस्ट फक्त तुमच्याच स्क्रीनवरून येईल, ही खात्री कुणी दिली?

आणि यासाठी जास्तीचं काही लिहावंही लागत नाही. बीन व्हॅलिडेशन पहिल्या चुकीवर थांबत नाही, सगळ्या गोळा करतं, आणि प्रत्येकीबरोबर पाहुणे[१७].व्हिसाक्रमांक असा मार्ग देतं. मोजणी शून्यापासून असते, स्क्रीनवर एक मिळवून दाखवा.

लिस्ट थेटच घ्यायची असेल तर जुन्या स्प्रिंगमध्ये कंट्रोलरच्या क्लासवर @व्हॅलिडेटेड लावा. तेव्हा येणारं कन्स्ट्रेंट-व्हायोलेशन-एक्सेप्शन मात्र स्वतः पकडा, नाहीतर ४०० (रिक्वेस्ट चुकीची) ऐवजी ५०० (सर्व्हरच बिघडला) हा कोड जातो. स्प्रिंग ६.१ पासून, म्हणजे स्प्रिंग बूट (स्प्रिंगचं तयार जोडणी असलेलं रूप) ३.२ पासून, ही सोय अंगभूत आहे.

हे सगळं करूनही काहीच तपासलं जात नसेल, तर दोन गोष्टी बघा. बूट २.३ पासून व्हॅलिडेशनचा स्टार्टर, म्हणजे त्याच्या लायब्ररींचा संच, प्रोजेक्टमध्ये वेगळा घालावा लागतो. आणि बूट ३ वर इम्पोर्ट जाव्हाक्स या जुन्या पॅकेजचा उरला असेल तर तो जकार्ता या नव्या पॅकेजचा करा.

एकच पासपोर्ट यादीत दोनदा आला, तर मात्र आयटमवरची कुठलीच खूण ते पकडणार नाही. त्यासाठी अख्ख्या लिस्टवर स्वतःचा व्हॅलिडेटर लिहावा लागेल, आणि त्यातही दोन्ही ओळींचे क्रमांक द्या.