चूल वेगळी, विहीर सामाईक

या वेळी तीन पत्रे समोर आहेत. त्यांपैकी दोघांची मी आधीच क्षमा मागते, कारण कनेक्टिकटहून आलेल्या पहिल्या पत्राने माझ्या नेमक्या दुखऱ्या जागेवर बोट ठेवले आहे, आणि त्या विषयावर मला थोडक्यात बोलता येत नाही हे आमच्या घरातले कोणीही सांगेल.

"आमच्याकडे शनिवारचे जेवण आता दोन पाळ्यांत होते," असे त्या भगिनी लिहितात. "मुलगा यूकॉनला, म्हणजे कनेक्टिकट विद्यापीठात, दुसऱ्या वर्षाला आहे. तिथल्या अमेरिकन फुटबॉलच्या संघाने कोणत्याही कॉन्फरन्समध्ये, म्हणजे आपसांत सामने खेळणाऱ्या विद्यापीठांच्या गटात, न जाता स्वतंत्रच राहावे, असे त्याचे म्हणणे. बिग ट्वेल्व्ह या मोठ्या कॉन्फरन्सने दार किलकिले केले की पडेल ती किंमत मोजून आत शिरावे, असे यजमानांचे म्हणणे. पंधरा दिवस दोघे एकमेकांशी बोललेले नाहीत. त्यात धाकटी अकरावीत आहे, व्हॉलीबॉल उत्तम खेळते, आणि तिला एक पॅसिफिक किनाऱ्यावरच्या विद्यापीठातून आणि एक जवळून अशी दोन बोलावणी येण्याची चिन्हे आहेत. मला फुटबॉलमधले काही कळत नाही. मी मध्ये पडावे का?"

अवश्य पडावे. मात्र तुमच्या पत्रातला एक शब्द मला खटकला, तो म्हणजे 'त्यात'. मुलीची गोष्ट तुम्ही शेवटी, जाता जाता, जणू वेगळीच अडचण म्हणून सांगितली आहे. अहो, बापलेकांचे भांडण आणि मुलीचे व्हॉलीबॉल हा एकच प्रश्न आहे. इतकी वर्षे इथे काढून "मला फुटबॉलमधले काही कळत नाही" म्हणणेही आता सोडा. मीही ते पुष्कळ वर्षे अभिमानाने म्हणत होते आणि त्याची किंमत माझ्या लेकीने मोजली. डाव कसा खेळतात हे कळले नाही तरी चालेल; फुटबॉलच्या पैशासाठी कोणती मुले कोणत्या विमानात बसतात, एवढे मात्र आईला कळलेच पाहिजे.

तुमच्या मुलाच्याच विद्यापीठापासून सुरुवात करते. यूकॉन पूर्वी 'अमेरिकन' नावाच्या कॉन्फरन्समध्ये होते. त्या काळात टल्सा, ह्यूस्टन, मेम्फिस, न्यू ऑर्लिन्स असा प्रवास केवळ फुटबॉलवाल्यांना नव्हे, तर सॉकर आणि व्हॉलीबॉल खेळणाऱ्या मुलींनाही करावा लागत असे. शेवटी १ कोटी ७० लाख डॉलर भरून यूकॉन तिथून बाहेर पडले आणि १ जुलै २०२० रोजी आपल्या जुन्या बिग ईस्टमध्ये परतले. बिग ईस्टमध्ये फुटबॉल नाही, म्हणून फुटबॉल संघ एकटा उरला. लोक हसले. स्वातंत्र्याच्या पहिल्या वर्षी तर कोविडमुळे त्यांनी एकही सामना खेळला नाही आणि २०२१ मध्ये बारापैकी अकरा हरले. यजमान तुम्हाला हे वर्ष नक्की ऐकवतील. त्यांना पुढचेही विचारा. २०२४ मध्ये त्याच एकट्या संघाने नऊ सामने जिंकले आणि बॉस्टनच्या फेनवे बोल या हंगामाअखेरच्या सामन्यात नॉर्थ कॅरोलायनाला हरवले. दरम्यान, घराजवळ परतलेल्या बास्केटबॉलने काय केले ते तुमच्या मुलाला तोंडपाठ असेल: पुरुषांचे राष्ट्रीय विजेतेपद २०२३ आणि २०२४ मध्ये, महिलांचे २०२५ मध्ये. हे सगळे केवळ कॉन्फरन्स बदलल्यामुळे झाले असे मी म्हणणार नाही. पण फुटबॉल एकटा राहिला म्हणून बाकीच्यांचे काही बिघडले नाही, एवढे तर दिसतेच. बिग ईस्टमधल्याच प्रॉव्हिडन्सला बसने तासाभरात पोहोचता येते, हे एखाद्या खेळाडूच्या आईला विचारा म्हणजे त्याचे मोल कळेल. बिग ईस्टमध्येही ओमाहाचे क्राइटन आहे आणि तिथे विमानानेच जावे लागते, हे मी लपवत नाही.

आता माझ्या लेकीचे. ती पोहायची, आणि स्कॉलरशिपवर जिथे गेली त्या विद्यापीठाचे नाव मी इथे घेणार नाही. ती दुसऱ्या वर्षाला असताना विद्यापीठाने फुटबॉलसाठी कॉन्फरन्स बदलली. आम्हाला वाटले, हा फुटबॉलचा प्रश्न, आपल्याला काय त्याचे! आमच्या ह्यांनी तर आनंदाने नव्या कॉन्फरन्सची टोपी विकत आणली. पुढच्या हिवाळ्यात एका बुधवारी रात्री दीड वाजता तिचा फोन आला. जोडविमान चुकले होते, संघातल्या मुली विमानतळाच्या गालिच्यावर पिशव्या उशाशी घेऊन आडव्या झाल्या होत्या, आणि ही भिंतीच्या प्लगपाशी बसून ऑरगॅनिक केमिस्ट्रीचा लॅब रिपोर्ट लिहीत होती. मी करून दिलेल्या दशम्यांतली शेवटची तिने फॉइलमध्ये तशीच ठेवली होती. "आई, ही संपली की उद्या सकाळपर्यंत काही नाही," म्हणाली. ती लॅब बुडाली ती बुडालीच, कारण प्रोफेसरांनी ती पुन्हा घेतली नाही. वसंतात तिने मेजर बदलले. तिने कधी कोणाला दोष दिला नाही. मी मात्र देते, आणि पहिला स्वतःला देते, कारण ज्या दिवशी टोपी घरात आली त्या दिवशी मी एकही प्रश्न विचारला नव्हता.

यजमानांची बाजू खोटी आहे असे नाही. पैसा खरा आहे. बिग टेन या दुसऱ्या मोठ्या कॉन्फरन्सने २०२२ मध्ये केलेला टीव्हीचा करार सात वर्षांचा आणि ७ अब्ज डॉलरहून मोठा आहे. त्या वाट्यासाठी यूसीएलए, यूएससी, ऑरेगन आणि वॉशिंग्टन ही पॅसिफिककडची चार विद्यापीठे २०२४ मध्ये तिकडे गेली, आणि बिग टेन अठरांची झाली. त्याच वर्षी स्टॅनफर्ड आणि कॅल (बर्कलीचे कॅलिफोर्निया विद्यापीठ) हे पॅसिफिकच्या काठावरचे दोघे, नावातच अटलांटिकचा किनारा असलेल्या कॉन्फरन्समध्ये दाखल झाले, आणि त्यांच्यासोबत गेलेल्या टेक्सासच्या एसएमयू विद्यापीठाने तर केवळ प्रवेश मिळावा म्हणून नऊ वर्षे टीव्हीच्या पैशांवर पाणी सोडले. यजमान ब्रिगहॅम यंगचेही उदाहरण देतील, आणि ते देणे रास्त आहे: २०११ पासून एकटे राहिलेले ते विद्यापीठ २०२३ मध्ये बिग ट्वेल्व्हमध्ये गेले आणि दुसऱ्याच वर्षी त्याने अकरा सामने जिंकले. उलट, शेजारच्या मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाने फुटबॉलचे नऊ हंगामांचे एकटेपण संपवून २०२५ मध्ये बहुतेक खेळांसकट मिड-अमेरिकन कॉन्फरन्स धरली आणि पहिल्या हंगामात फुटबॉलचे बाराच्या बारा सामने गमावले. म्हणजे आत गेल्याने कोणाचे भले होते आणि कोणाचे होत नाही. आत गेले की झाले, हा जो यजमानांचा सूर तुम्ही कळवला आहे, तो टिकत नाही. शिवाय बिग ट्वेल्व्हने यूकॉनशी चाललेली बोलणी २०२४ च्या सप्टेंबरमध्ये थांबवली होती. न आलेल्या आमंत्रणावरून घरात अबोला धरणे, हे मला फार मराठी वाटते.

फुटबॉलसाठी प्रसिद्ध असलेल्या नोत्र दाम विद्यापीठाचे नाव निघाल्याशिवाय हे भांडण पूर्ण होत नाही, म्हणून तेही सांगते. त्यांनी १९९९ मध्ये बिग टेनला नकार दिला. एनबीसी या टीव्ही वाहिनीशी त्यांचा स्वतःचा करार १९९१ पासून चालू आहे. बाकीचे बहुतेक खेळ त्यांनी २०१३ मध्ये अटलांटिक कोस्टमध्ये नेले आणि फुटबॉल बाहेर ठेवला. बदल्यात दर हंगामात त्या कॉन्फरन्सच्या सरासरी पाच संघांशी फुटबॉल खेळायचे कबूल केले. हे वाचून मला आमच्या वाईच्या चुलतसासऱ्यांची आठवण येते. त्यांनी चूल वेगळी मांडली, पण विहीर सामाईक ठेवली, आणि त्या पाण्यापोटी दर चैत्रात विहिरीचा गाळ काढायला आपल्या घरची दोन माणसे पाठवायचे कबूल केले. भावकीतले लोक म्हणत, हा धड आत नाही आणि धड बाहेर नाही. पण पाण्यावरून त्या घरात कधी भांडण झालेले मी पाहिले नाही. एकटेपणाची झळ नोत्र दामलाही बसते, हे खरे. राष्ट्रीय विजेता ठरवणाऱ्या प्लेऑफमध्ये कॉन्फरन्सच्या पाच विजेत्यांना हक्काची जागा आहे आणि एकट्याला ती वाट बंद आहे. २०२५ मध्ये बारापैकी दहा सामने जिंकूनही त्यांना बाहेर ठेवले गेले. यजमान हे टेबलावर मूठ आपटून सांगत असतील. मुलाने उत्तर द्यावे की त्याआधीच्याच हंगामात हा एकटा संघ थेट अंतिम सामन्यापर्यंत गेला होता आणि तिथे ओहायो स्टेटकडून ३४-२३ असा हरला.

माझे मत विचाराल तर सगळ्यांत शहाणपणाचा रस्ता आर्मीने, म्हणजे वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीच्या संघाने, दाखवला. १९९८ ते २००४ या काळात ते एकदा कॉन्फरन्समध्ये राहून पोळले होते; २००३ मध्ये तर तेराच्या तेरा सामने हरले होते. पुढे वीसेक वर्षे फुटबॉलमध्ये एकटे राहून २०२४ मध्ये ते अमेरिकन कॉन्फरन्समध्ये गेले, पण केवळ फुटबॉलपुरते. बाकीचे बहुतेक खेळ पेट्रियट लीगमध्ये होते तिथेच राहिले. पहिल्याच वर्षी त्यांनी टुलेनला ३५-१४ असे हरवून विजेतेपद मिळवले. तेव्हा बापलेकांनी भांडायचेच असेल तर "जावे की न जावे" यावर भांडू नये. "फुटबॉलने एकट्याने जावे की सगळ्यांना ओढून न्यावे" यावर भांडावे. या प्रश्नावर दोघांचे एकमत होईल, असा माझा अंदाज आहे, कारण तेव्हा दोघांनाही समोर बसलेली धाकटी दिसेल.

तिच्याविषयी आता नीट सांगते. पॅसिफिककडचे विद्यापीठ कोणते ते तुम्ही लिहिलेले नाही. ते वर सांगितलेल्या चारांपैकी असेल तर तिला लीगचे सामने खेळायला न्यू जर्सी आणि मेरीलँडपर्यंत यावे लागू शकते, आणि स्टॅनफर्ड किंवा कॅल असेल तरी पूर्व किनारा चुकणार नाही. व्हॉलीबॉलचा हंगाम ऑगस्टअखेरीपासून सुरू होऊन डिसेंबरपर्यंत चालतो, म्हणजे मिडटर्म नेमक्या त्यात येतात. तरीही तिला तिथेच जायचे असेल तर अडवू नका. बिग टेनचे व्हॉलीबॉल देशातल्या सर्वोत्तमांपैकी आहे. ३० ऑगस्ट २०२३ रोजी नेब्रास्काच्या मुलींचा सामना पाहायला फुटबॉलच्या मैदानात ९२,००३ माणसे आली होती, आणि ज्या मुलीने ते दृश्य पाहिले तिला "बेटा, प्रॉव्हिडन्स जवळ आहे" असे सांगणे निरर्थक आहे. फक्त कोच घरी येतील किंवा फोन करतील तेव्हा चहापाण्यानंतर गेल्या हंगामाचे प्रवासाचे वेळापत्रक मागा. आठवड्याच्या मधल्या दिवशी किती सामने होते, संघ परत किती वाजता पोहोचला, बुडालेल्या लॅबचे काय केले, आणि संघातल्या किती मुली विज्ञान शाखेत आहेत, हे विचारा. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर लगेच मिळाले नाही तर संघातल्या दोन मुलींशी बोलू द्या म्हणावे. हे प्रश्न यजमानांनी विचारावेत, अशी माझी सूचना आहे. ते आकड्यांचे भोक्ते दिसतात, आणि एकदा ते वेळापत्रक वाचू लागले की मुलाशी बोलणे आपोआप सुरू होईल, कारण घरात यूकॉनचे वेळापत्रक त्याच्याकडेच असणार.

उरलेली दोन पत्रे. टेक्सासच्या काकांनी विचारले आहे की सहा महिने राहायला आलेल्या सासूबाई दिवसभर कंटाळतात, काय करावे. त्यांना स्वयंपाकघराचा एक कट्टा पूर्ण द्या आणि तिथे लुडबुड करू नका. पिस्कॅटवेच्या ताईंचे म्हणणे असे की, "मुलगा रविवारच्या मराठी शाळेत जायला कुरकुर करतो, कारण शनिवारी बाबांबरोबर रटगर्स विद्यापीठाचा सामना पाहून तो दमतो." ताई, शाळा सोडू नका आणि सामनाही सोडू नका. ६ नोव्हेंबर १८६९ रोजी कॉलेज फुटबॉलचा पहिला सामना रटगर्सनेच प्रिन्स्टनविरुद्ध ६-४ असा जिंकला, तेव्हा जगात एकही कॉन्फरन्स नव्हती. हे त्याला मराठीत दहा ओळींत लिहायला सांगा, आणि रटगर्स २०१४ मध्ये बिग टेनमध्ये गेल्यापासून तिथल्या टेनिस खेळणाऱ्या मुली कुठे कुठे जातात ते अकराव्या ओळीत.