जिनिंगच्या प्रेसला कॉम्पॅक्ट पीएलसी घ्यावा की मॉड्युलर?

भाऊ, तुम्ही लिहिलंय की गठाण प्रेसचं जुनं रिले पॅनल काढून पीएलसी (मशीन चालवणारा छोटा कॉम्प्युटर) बसवायचाय, 18 इनपुट (बटणं, सेन्सर) 12 आउटपुट (व्हॉल्व्ह, काँटॅक्टर) लागतात, पॅनलवाला मॉड्युलरच घ्या म्हणतो अन् कोटेशन पाहून मालकाला घाम फुटलाय. मी हिंगणघाटकडे जिनिंगचीच पॅनलं पाहतो. कॉम्पॅक्ट म्हणजे सीपीयू (पीएलसीचा मेंदू) अन् इनपुट-आउटपुट एकाच डब्यात, मॉड्युलर म्हणजे सगळी कार्डं वेगवेगळी. एवढ्या कामाला कॉम्पॅक्ट घ्या, मॉड्युलर कायले पायजे?

18 अन् 12 वर वीसेक टक्के शिल्लक धरा, म्हणजे 22 अन् 15. सीमेन्सच्या एस7-1200 मधला 1214सी घेतला तर त्याच्या अंगावरच 14 इनपुट 10 आउटपुट असतात, बाजूला 8-8 चं एक मॉड्यूल लावलं की 22 अन् 18, काम भागलं. पुढं वाढवायचं म्हटलं तरी उजवीकडं 8 मॉड्यूलपर्यंत लागतात. फक्त त्याचे दोन ॲनालॉग इनपुट 0 ते 10 व्होल्टचे आहेत अन् तेलाच्या प्रेशरचा ट्रान्समीटर बहुतेक 4-20 मिलिअँपिअरचा येतो, तो तसाच जोडला तर आकडा काही धड दिसणार नाही. इनपुटला 500 ओहमचा चांगला रेझिस्टर पॅरलल लावा, 2 ते 10 व्होल्ट मिळतात, नाहीतर करंटचं मॉड्यूल घ्या.

आता कॉम्पॅक्टचा तोटा, तो मी भोगलाय. एका जिनिंगमध्ये ऐन डिसेंबरात, रात्री, प्रेसचा रॅम (गठाण दाबणारा दांडा) थांबेचना. इमर्जन्सी स्टॉपचं बटण थेट पंपाच्या काँटॅक्टरवर होतं म्हणून निभावलं (तुम्हीही ते पीएलसीच्या भरवशावर सोडू नका). पॅनल उघडलं तर आउटपुटचा दिवा बंद, पण व्हॉल्व्हची कॉइल चटके बसतील एवढी गरम. सोलेनॉइड (म्हणजे तीच कॉइल) डायरेक्ट आउटपुटवर जोडला होता, मधात रिले नाही, त्यामुळं पीएलसीच्या आतल्या रिलेचा काँटॅक्टच चिकटला. शेजारचं आउटपुट रिकामं होतं, वायर हलवायला दोन मिनिटं, पण प्रोग्रॅममध्ये ॲड्रेस कोण बदलणार? पासवर्ड पॅनल बनवणाऱ्याकडं अन् तो फोन उचलेना. दोन दिवस गेले, गेटवर कापसाच्या गाड्यांची लाइन अन् मालकाच्या शिव्या मला.

मॉड्युलर असता तर लाइट बंद करून तसंच दुसरं आउटपुट कार्ड लावलं असतं, लॅपटॉपची गरजच नाही, हे आपला वायरमनही करतो. मॉड्युलरचे जास्तीचे पैसे खरे याचे असतात, स्पीडबिडचे नाही.

पण हाच फायदा कॉम्पॅक्टमध्येही काढता येतो. प्रेसचे सगळे व्हॉल्व्ह सीपीयूवर न घेता बाजूच्या मॉड्यूलवर घ्या, मधात 24 व्होल्टचे छोटे रिले टाका अन् ते एक मॉड्यूल जास्तीचं आणून कपाटात ठेवा. रिले जळला तर शंभर-दोनशेत काम होते.

हां, पुढच्या सीझनला सगळे डीआर (डबल रोलर जिन), कन्व्हेयर, फॅन एकाच पीएलसीवर आणायचे असतील तर पॅनलवाल्याचं बरोबर आहे, तेव्हा मॉड्युलर घ्या अन् लांबच्या मोटरींसाठी रिमोट आयओ (मोटरीजवळच बसवायची इनपुट-आउटपुट कार्डं) टाका, नाहीतर नुसत्या केबलचाच खर्च अंगावर येईल.

आणि काहीही घ्या, शेवटचं पेमेंट द्यायच्या आधी कमेंटसहित प्रोग्रॅम अन् पासवर्ड पेनड्राइव्हवर घ्या, अन् तो पेनड्राइव्ह पॅनलमध्ये नका ठेवू, पॅनलमध्ये किती रुई घुसते ते तुम्हाला माहीतच आहे.