अण्णाभाऊ साठे यांच्या कादंबऱ्यांत त्यांचं स्वतःचं आयुष्य आणि काळ किती उतरला आहे?

तुम्ही विचारलंय की ‘फकिरा’ कल्पनेतून आली की जगण्यातून. मी सांगली जिल्ह्यातल्या वाळवा तालुक्यातला, अण्णाभाऊंचं वाटेगाव आमच्याच तालुक्यात. त्यामुळे ही कादंबरी माझ्या हाती पुस्तक म्हणून नंतर आली, त्याआधी ती माणसं कानावर पडली होती.

फकिरा खरा होता, अण्णाभाऊंच्या नात्यातला. १ ऑगस्ट १९२० ला अण्णाभाऊ जन्मले, तेव्हा लुटीतले दोन ओंजळी सुरती रुपये त्यानं बाळंतिणीच्या घरी दिले, अशी हकिकत आमच्याकडे आजही सांगतात. पण माझ्या मते खरी गोष्ट नात्यापेक्षा हजेरीची आहे, म्हणजे सरकारी माणसापुढे ठरल्या वेळी हजर राहण्याच्या सक्तीची. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यानं अख्ख्या जमातींवर जन्मतःच चोरीचा शिक्का मारला. पुढे मुंबई इलाख्यात अण्णाभाऊंच्या मातंग समाजावरही हजेरी बसली. गावात काही झालं की आधी मांगवाड्यावर धाड. पोटचं पोरसुद्धा कागदावर संशयितच. हा कायदा गेला तो १९५२ साली, आणि १९५९ मध्ये ‘फकिरा’ आली. सरकारी वहीत ज्याची नोंद दरोडेखोर म्हणून होती, तो इथे दुष्काळात धान्य लुटून उपाशी वस्तीला वाटणारा नायक झाला. हे धाडस ज्याच्या घरानं ती हजेरी सोसली त्यालाच सुचावं.

मी सातवी-आठवीत असताना आजीला हे पुस्तक मोठ्यानं वाचून दाखवत होतो. तिला अक्षरओळख नव्हती. राणोजी, म्हणजे फकिराचा बाप, शिगावची जोगणी (ती ज्या गावात, तिथं जत्रा भरते) पळवून आणतो आणि मारला जातो, तिथं तिनं मला हातानं थांबवलं. “शीव वलांडली हुती न्हवं त्येनं?” एवढंच म्हणाली. मी मान हलवली. मग तिनं पदर डोळ्याला लावला आणि बराच वेळ पुढचं वाचू दिलं नाही. जोगणी घेऊन हद्द पार केली की हात लावायचा नाही, हा रिवाज. तो मोडला, याचं तिला मरणापेक्षा जास्त लागलं. कादंबरीचा सगळा राग त्या शिवेवरच पेटतो, हे मला त्या दिवशी कळलं.

शाळा अण्णाभाऊंना जेमतेम दीड दिवसाची. कोवळ्या वयात घरच्यांबरोबर पायी मुंबई गाठली. पडेल ती कामं केली, गिरणीत राबले. पुढे घाटकोपरच्या चिरागनगरात झोपडीत राहून लिहिलं. लाल बावट्याशी, म्हणजे कम्युनिस्ट चळवळीशी नातं जुळलं, १९४४ मध्ये शाहीर अमर शेख आणि शाहीर गवाणकरांबरोबर कलापथक उभं राहिलं. म्हणून त्यांच्या गावाकडच्या कथेतही भूक कुणी लादली हे स्पष्ट असतं, नशिबावर ढकललेलं नसतं. ‘स्मशानातील सोनं’ मधला भीमा बघा. वारणेकाठचा गडी, मुंबईत खाण बंद पडल्यावर प्रेतांच्या राखेत सोनं शोधतो. वारणा आणि चिरागनगर एकाच माणसात.

काही समीक्षकांना त्यांचे नायक फार भव्य वाटतात. मला हे पटत नाही. अण्णाभाऊ तमाशाच्या फडात वाढले, शाहीर होते. पोवाड्यात नायक उभा राहतो तो छाती काढूनच. ‘वैजयंता’ मधल्या तमासगीर बाईला त्यांनी जी इज्जत दिली, तीही फडात राहिल्याशिवाय येत नाही. वि. स. खांडेकरांनी, म्हणजे सांगलीतच जन्मलेल्या लेखकानं, ‘फकिरा’ला प्रस्तावना लिहिली, याचा मला फार आनंद वाटतो. अण्णाभाऊंनी कादंबरी अर्पण केली ती बाबासाहेबांच्या झुंजार लेखणीला.

नवीन वाचायला घेत असाल तर आधी ‘फकिरा’, मग बेचाळीसच्या चळवळीवरची ‘वारणेच्या खोऱ्यात’. आणि जोगणीचं प्रकरण घरात कुणी म्हातारं माणूस असेल तर त्यांना शेजारी बसवून मोठ्यानं वाचा.