हॅलोपेरिडॉलनंतर ताप आणि ताठलेलं अंग: जी २१.० आधी की टी ४३?

तुमचा प्रश्न असा: हॅलोपेरिडॉल (मानसिक आजारावरचं औषध) चालू असताना रुग्णाला ताप आला, अंग ताठलं, डिस्चार्ज समरीत डॉक्टरांनी 'एनएमएस' लिहिलंय, मग आयसीडी-१०-सीएममध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या निदानांच्या कोडयादीत, पहिला कोड कोणता?

औषध सांगितल्याप्रमाणे, योग्य मात्रेत दिलं असेल तर आधी जी २१.०, म्हणजे न्यूरोलेप्टिक मॅलिग्नंट सिंड्रोम (एनएमएस, अशा औषधांनी होणारा जीवघेणा आजार), आणि त्यामागे औषधाचा कोड, टी ४३.४एक्स५ए. हॅलोपेरिडॉल ब्युटिरोफेनोन गटातलं, म्हणून ४३.४, ओलान्झापिन असतं तर टी ४३.५९५ए. ए च्या आधीचा ५ दुष्परिणामाचा. तेच औषध चुकून जास्त गेलं असेल तर ते पॉयझनिंग, म्हणजे विषबाधा: ५ च्या जागी १ येतो आणि टी कोड पहिला लागतो. कोडिंगमधली नवीन मुलं 'मॅलिग्नंट' वाचून टी ८८.३ लावतात, तो भुलीच्या औषधाने चढणाऱ्या तापाचा आहे, इथे चालत नाही.

तुमच्या चार्टमध्ये निदान लिहिलेलं तरी आहे. मी पुण्यातून अमेरिकेतले इनपेशंट चार्ट कोड करते. एका चार्टमध्ये हे नाव कुठेच नव्हतं. इंजेक्शननंतर तिसऱ्या दिवशी नर्सची नोंद: ताप १०३, घामाने चादर भिजलेली, बीपी कधी वर कधी खाली, रुग्ण बरळतोय, हात वाकवायला गेलं तर लोखंडी नळीसारखा कडक. सीके (स्नायू तुटले की रक्तात वाढणारं एन्झाइम) १४ हजारांवर. डॉक्टरांनी लिहिलेलं फक्त ताप आणि रॅब्डोमायोलिसिस (स्नायू तुटणं). कल्चर सगळी निगेटिव्ह, म्हणजे जंतुसंसर्ग सापडला नव्हता. चित्र समोर दिसत होतं, तरी जी २१.० टाकणं माझ्या हातात नव्हतं, कारण निदान डॉक्टरांनीच लिहायला हवं. मी क्वेरीत, म्हणजे डॉक्टरांना पाठवायच्या लेखी प्रश्नात, तारखा, औषधं, रिपोर्ट ओळीने मांडले आणि या सगळ्याचं कारण काय, एवढंच विचारलं. आजाराचं नाव आपण डॉक्टरांच्या तोंडात द्यायचं नाही. दोन दिवसांनी पुरवणी नोंद आली: एनएमएस, हॅलोपेरिडॉलमुळे.

रॅब्डोमायोलिसिसचा एम ६२.८२ वेगळा लावा; ताप नको, तो याच आजारात धरलेला आहे.

अशी क्वेरी पाठवायला कंटाळू नका. रेकॉर्डवर हे नाव नसेल तर पुढच्या खेपेला इमर्जन्सीत त्याच माणसाला तेच इंजेक्शन दिलं जाऊ शकतं, आणि यात जीव जातो.

आणि रुग्णाला दिलेल्या औषधांचा तक्ता एकदा पूर्ण वाचा. उलटीसाठी दिलेल्या मेटोक्लोप्रामाइडनेही हे होतं. डॉक्टरांनी कारण म्हणून ते लिहिलं असेल तर टी कोड बदलेल.