चालू टेस्टमध्ये जावास्क्रिप्ट बंद-चालू करू नका

जावास्क्रिप्ट बंद असतानाही वेबसाइट चालते का हे बघायला तुम्ही सेलेनियमच्या (ब्राउझर आपोआप चालवणाऱ्या साधनाच्या) टेस्टमध्ये मधेच क्रोमचं सेटिंग्जचं पान उघडून जावास्क्रिप्ट बंद करता, तपासणी झाली की परत चालू करता, आणि तीच टेस्ट कधी पास होते, कधी फेल. माझं मत स्पष्ट आहे: चालू सेशनमध्ये हे करूच नका. स्क्रिप्ट चालू असलेला एक आणि बंद असलेला एक, असे दोन वेगळे ब्राउझर सुरू करा.

ब्राउझर एचटीएमएल वाचतानाच ठरवतो की नोस्क्रिप्ट टॅगचं, म्हणजे जावास्क्रिप्ट बंद असेल तेव्हाच दाखवायच्या भागाचं, काय करायचं. स्क्रिप्ट चालू असेल तर आतलं सगळं नुसता मजकूर म्हणून पडून राहतं. बंद असेल तरच त्यातून खरे घटक तयार होतात. त्यामुळे पान लोड झाल्यावर सेटिंग बदललं तर नोस्क्रिप्टमधला फॉर्म उगवत नाही, आणि स्क्रिप्टने डॉममध्ये (ब्राउझरने बनवलेल्या पानाच्या घटकरचनेत) आधीच केलेले बदलही पुसले जात नाहीत. तुम्ही तपासता ते पान जावास्क्रिप्ट बंद ठेवणाऱ्या माणसाला कधी दिसतच नाही! पपेटिअर या सेलेनियमसारख्याच साधनात पानापुरती स्क्रिप्ट बंद करता येते, पण त्याचाही पूर्ण परिणाम पुढच्या नॅव्हिगेशनपासूनच होतो.

शिवाय क्रोमचं सेटिंग्जचं पान शॅडो डॉमने भरलेलं आहे, म्हणजे त्यातले घटक नेहमीच्या शोधाने सापडत नाहीत. त्यावर क्लिक करत बसण्यात अर्थ नाही. ड्रायव्हर (टेस्टसाठी ब्राउझर चालवणारा प्रोग्राम) सुरू करतानाच प्रेफरन्स (ब्राउझरचं सेटिंग) द्या: क्रोमच्या कंटेंट सेटिंगमध्ये जावास्क्रिप्टची किंमत 2 म्हणजे बंद, 1 म्हणजे चालू. फायरफॉक्सला 'जावास्क्रिप्ट डॉट एनेबल्ड' फॉल्स करा. प्लेराइट या तशाच साधनात हा पर्याय कॉन्टेक्स्ट (स्वतंत्र ब्राउझर सेशन) बनवताना देतात, नंतर बदलता येत नाही, आणि मला ही रचना फार योग्य वाटते.

लॉगिनला स्क्रिप्ट लागत असेल तर स्क्रिप्ट चालू असलेल्या ब्राउझरमध्ये लॉगिन करा, कुकी काढून घ्या आणि दुसऱ्यात घाला. लॉगिनचं टोकन (ओळख पटवणारी खूण) कुकीऐवजी लोकल स्टोरेजमध्ये (ब्राउझरमधल्या साठवणीत) असेल तर मात्र उपयोग नाही, ते वाचून सर्व्हरला पाठवायला स्क्रिप्टच लागते.

एक गोष्ट अजिबात गाळू नका. प्रेफरन्सच्या नावात एक अक्षर चुकलं तरी ब्राउझर तक्रार न करता स्क्रिप्ट चालू ठेवून सुरू होतो आणि टेस्ट हिरव्या (पास) दिसत राहतात. म्हणून सर्वांत आधी एक छोटं पान उघडा, ज्यात नोस्क्रिप्टमध्ये एक ओळ आहे आणि स्क्रिप्ट दुसरी ओळ लिहिते. पहिली दिसलीच पाहिजे, दुसरी दिसता कामा नये. हे जमलं नाही तर पुढचा सगळा रन तिथेच थांबवा. तसंच, 'अमुक घटक दिसत नाही' एवढंच तपासू नका, कारण कोऱ्या पानावरही ती टेस्ट पास होते. फॉर्म खरोखर सबमिट करा आणि सर्व्हरकडून आलेलं पान वाचा.

टेस्टचा पूर्ण संच दोनदा चालवायची गरज नाही. लॉगिन, शोध, मुख्य फॉर्म आणि नॅव्हिगेशन यांच्या टेस्टना वेगळा टॅग लावा आणि तेवढ्याच स्क्रिप्ट बंद ठेवून चालवा.